वाचकांचे प्रश्न : ड्राफ्टच्या मधल्या फेऱ्या

मागच्या अंकात प्रीमियर लीगच्या फँटसी ड्राफ्टची ओळख करून दिली आणि पेडण्यापासून मडगावपर्यंतच्या वाचकांनी प्रश्न पाठवले. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फँटसी म्हणजे इंग्लंडच्या या फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला संघ करायचा; ते सामन्यात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. नेहमीच्या फँटसीत बजेटमध्ये बसला की कुठलाही खेळाडू कुणालाही घेता येतो. ड्राफ्टमध्ये बजेट नाही, कर्णधारही नाही. पण एक खेळाडू गटातल्या एकाच संघात जातो. १५ फेऱ्यांत प्रत्येकाने १५ जण निवडायचे: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड. क्रम नागमोडी, म्हणजे पहिल्या फेरीत शेवटी असलेला दुसऱ्या फेरीत पहिला. हालांडसारखा मोठा स्ट्रायकर कधी घ्यायचा हे कुणी विचारलेलं नाही. सगळे प्रश्न सहाव्या ते अकराव्या फेरीचे आहेत, आणि खरा ड्राफ्ट तिथेच ठरतो.

आम्ही आठजण खेळतो. पहिल्या पाच फेऱ्यांत मी ३ मिडफिल्डर, १ फॉरवर्ड, १ डिफेंडर घेतले. पुढे यादीत जो सगळ्यात वर दिसेल तो घेत गेलो. अकराव्या फेरीत पाहतो तर फॉरवर्ड म्हणून फक्त बाकावर बसणारे उरलेले. कुठे चुकलं? (एक वाचक, फोंडा)

तुम्ही खेळाडू मोजलेत, जागा मोजल्या नाहीत. आठजणांना प्रत्येकी ३, म्हणजे २४ फॉरवर्ड लागणार. लीगमध्ये क्लब २०, आणि बहुतेक क्लब पुढे एकच स्ट्रायकर ठेवतात. दोन्ही बाजूंचे विंगर या खेळात बहुधा मिडफिल्डर म्हणून धरले जातात. त्यामुळे दर आठवड्याला नक्की खेळेल असा फॉरवर्ड वीस-बावीसच्या पुढे सापडत नाही. जागा २४, माणसं बावीस. कुणाच्या तरी वाट्याला न खेळणारा येणारच.

आता मिडफिल्डर पाहा. जागा ४०, आणि प्रत्येक क्लबात नियमित खेळणारे तिघे-चौघे धरले तरी सत्तरच्या आसपास. डिफेंडरच्याही जागा ४० आणि नियमित खेळणारे ऐंशीच्या घरात. म्हणजे अकराव्या फेरीतही बरा मिडफिल्डर आणि बरा डिफेंडर मिळतो, फॉरवर्ड मिळत नाही. आठजणांच्या गटात दुसरा फॉरवर्ड सहाव्या किंवा सातव्या फेरीत घ्यावाच. तिसरा नवव्यापर्यंत मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर त्याच्यामागे धावू नका. मैदानात एक फॉरवर्ड असला तरी चालतं, चार-पाच-एक अशी रचना लावता येते. मग ती तिसरी जागा सरळ पंधराव्या फेरीवर ढकला आणि मधल्या फेऱ्या इतरांवर खर्च करा.

यादी करताना प्रत्येक जागेची वेगळी उतरंड लावा आणि जिथे दर्जा एकदम खाली येतो तिथे आडवी रेघ मारा. आपली पाळी आली की सगळ्यात चांगला कोण हे विचारू नका. कुठल्या रेघेच्या वर एकच नाव उरलंय ते बघा. मिडफिल्डरच्या रेघेवर सहाजण आणि फॉरवर्डच्या रेघेवर एक असेल, तर मिडफिल्डर थोडा सरस वाटला तरी फॉरवर्ड घ्यावा.

गट लहान-मोठा झाला की हे गणित बदलतं. सहाजण असाल तर फॉरवर्ड १८ लागतात, घाई नको. बाराजण असाल तर गोलकीपर २४ लागतात आणि पहिल्या पसंतीचे आहेत २०. तिथे गोलकीपरचीही टंचाई होते.

माझा क्रम तिसरा. सहाव्या फेरीत एक फॉरवर्ड आणि एक मिडफिल्डर दोन्ही हवे होते. फॉरवर्ड घेतला, मिडफिल्डर गेला. उलट केलं असतं तर? (एक वाचक, डिचोली)

हे नशिबावर सोडायची गरज नाही, कागदावर मांडता येतं. आठजणांत तिसऱ्या क्रमांकाची सहाव्या फेरीतली निवड एकूणात ४६वी, सातव्या फेरीतली ५१वी. मधल्या चार निवडी फक्त दोघांच्या: दुसरा, पहिला, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. या दोघांचे संघ उघडून पाहा. दोघांकडे तीन-तीन फॉरवर्ड झाले असतील तर तुमचा फॉरवर्ड कुणी नेऊच शकत नाही. आधी मिडफिल्डर घ्या, फॉरवर्ड पाच निवडींनंतर तिथेच असेल. दोघांकडे एकेकच फॉरवर्ड असेल तर मात्र तुम्ही केलंत तेच बरोबर.

सातव्या आणि आठव्या फेरीच्या मध्ये हे चालत नाही. ५१ नंतर तुमची पाळी थेट ६२वर येते. मधल्या दहा निवडी उरलेल्या पाचजणांच्या, प्रत्येकाच्या दोन. तिथे अंदाज बांधू नका, ज्याची टंचाई आहे तोच उचला. आठव्या क्रमांकावर बसणाऱ्याला तर ४० आणि ४१ लागोपाठ मिळतात आणि मग ५६पर्यंत चौदा निवडी नुसतं बघत बसावं लागतं. त्याने जोडीचा फायदा घेऊन एकाच जागेचे दोघे उचलावेत, म्हणजे धावपळ बाकीच्यांची होते.

मधल्या फेऱ्यांत मोठ्या क्लबचा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) घ्यावा की लहान क्लबचा स्टॉपर (मधला डिफेंडर)? आमच्यात यावरून दरवर्षी वाद. (वाचक मित्रमंडळ, म्हापसा)

२०२५-२६च्या हंगामात गुणांचा नियम बदलला, तेव्हापासून हा वाद बराचसा स्टॉपरच्या बाजूने झुकला आहे. डिफेंडरने एका सामन्यात क्लिअरन्स (चेंडू गोलपासून दूर मारणं), ब्लॉक (फटका अडवणं), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणं) आणि टॅकल (पायातला चेंडू काढून घेणं) मिळून १० केले की २ गुण. मिडफिल्डर-फॉरवर्डला १२ लागतात, पण त्यांना सैल चेंडू ताब्यात घेतल्याचंही धरतात. वीस केले म्हणून चार गुण मिळत नाहीत, सामन्यामागे दोनच.

आकडे लावून पाहू. संघ ०-२ हरला. स्टॉपरला पूर्ण वेळ खेळल्याचे २, बचावाचे २, दोन गोल खाल्ल्याचा उणे १, हातात ३. फुलबॅकला त्याच सामन्यात १. संघाने गोल खाल्ला नाही तर त्याचे ४ धरून स्टॉपर ८, फुलबॅक ६. फुलबॅकला ही तूट भरून काढायला असिस्टचे, म्हणजे गोलाआधीच्या पासचे, ३ गुण लागतात. म्हणून कॉर्नर आणि फ्री-किक घेणारा फुलबॅक असेल तर तो पाचव्या-सहाव्या फेरीत अवश्य घ्या. कॉर्नर न घेणारा, आणि वर ज्याच्या जागेवर दुसरा दावेदार बसलेला आहे असा फुलबॅक केवळ क्लबच्या नावावर घेऊ नका.

खाली बसून बचाव करणाऱ्या संघाच्या पेनल्टी एरियात क्रॉस जास्त येतात, म्हणून तिथल्या स्टॉपरचे क्लिअरन्स वाढतात. एव्हर्टनचा टार्कोव्स्की हा त्याचा नमुना. चेंडू सतत स्वतःकडे ठेवणाऱ्या संघात स्टॉपर पास देत राहतो; तिथे दहाचा आकडा गाठणं कठीण.

हेच बचावात्मक मिडफिल्डरला लागू. तीन सामन्यांत एक गोल करणाऱ्या विंगरचे ७ (गोलचे ५, खेळल्याचे २), २, २ मिळून ११. तीनपैकी दोनदा बाराचा आकडा गाठणाऱ्या मिडफिल्डरचे ४, ४, २ मिळून १०. पहिला सहाव्या फेरीत जातो, दुसरा दहाव्या फेरीतही पडून असतो. फक्त त्याची पिवळी कार्डं तपासा. प्रत्येकी उणे १ तर आहेच, शिवाय पहिल्या १९ सामन्यांत पाच झाली की एका सामन्याची बंदी.

गेल्या हंगामाचे गुण बघून निवड करावी का? (एक वाचक, मडगाव)

गुणांआधी मिनिटं बघा. पूर्ण हंगाम ३८ सामने, ३,४२० मिनिटं. समजा एका विंगरचे ६ गोल आहेत आणि मिनिटं १,२००, म्हणजे जेमतेम १३ सामन्यांइतकी. तो बाहेर का होता, यावर सगळं अवलंबून. दुखापत होती आणि आता सरावसामन्यांत पूर्ण वेळ खेळतोय, तर सातव्या-आठव्या फेरीतला हाच सगळ्यात चांगला सौदा. प्रशिक्षक तोच, त्याच्या जागेवरचा प्रतिस्पर्धीही तोच, तर यंदाही तो बाकावरच. तो प्रतिस्पर्धी विकला गेला असेल, तर यादीत लगेच दोन फेऱ्या वर घ्या.

ख्रिस वुडने नॉटिंगहॅम फॉरेस्टसाठी २०२४-२५मध्ये २० गोल केले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. पण आदल्याच हंगामात त्याचे १४ होते, खूण दिसत होती. कोल पामरची गोष्ट वेगळी. तो १ सप्टेंबर २०२३ला, म्हणजे हंगाम सुरू झाल्यावर, मँचेस्टर सिटीतून चेल्सीत गेला आणि त्या हंगामात २२ गोल केले, त्यातले ९ पेनल्टीवर. क्लबची पेनल्टी कोण घेतो हे मधल्या फेऱ्यांत नावासमोर लिहूनच ठेवा. मिडफिल्डरच्या गोलला ५ गुण असतात.

यंदा आणखी एक गोष्ट. विश्वचषकाची अंतिम लढत १९ जुलै २०२६ला आणि लीग ऑगस्टच्या उत्तरार्धात. उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्या संघांतले खेळाडू सुट्टी घेऊन क्लबात उशिरा पोचतात आणि पहिले एक-दोन आठवडे बाकावर दिसू शकतात. पहिल्या फेरीतल्या माणसाला याने फरक पडत नाही. आठव्या फेरीत दोघे सारखे वाटले तर विश्वचषकाला न गेलेला घ्या.

गोलकीपर कितव्या फेरीत? (एक वाचक, पेडणे)

आठजण असाल तर पहिला नवव्या-दहाव्या फेरीत, दुसरा तेराव्यानंतर. १६ जागा, २० माणसं. उपाशी कुणी राहत नाही. सगळ्यात चांगला आणि दहावा गोलकीपर यांच्यातलं अंतर फॉरवर्डमधल्या अंतरापेक्षा पुष्कळ कमी असतं. लहान क्लबच्या गोलकीपरला दर ३ बचावांना १ गुण मिळतो, तोही अंतर भरून काढतो. एकामागोमाग तिघांनी गोलकीपर उचलले म्हणून घाबरून आपणही उचलू नका.

खालच्या लीगमधून बढती मिळालेल्या क्लबचे खेळाडू घ्यावेत का? (एक वाचक, साखळी)

पुढचे घ्या, मागचे टाळा. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत वर आलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी खाली गेले. शेफील्ड युनायटेडने १०४ गोल खाल्ले, साउथॅम्प्टनने ८६. दर दोन गोलांना उणे १ असताना असा बचाव परवडत नाही. पेनल्टी घेणारा स्ट्रायकर मात्र अशा क्लबातूनही आठव्या-नवव्या फेरीत घेण्यासारखा असतो, कारण त्याच्या जागेला स्पर्धा नसते.

वहीत मांडून इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट करायचा विचार आहे. हेच नियम चालतील? (एक वाचक, वास्को)

चालतील, फक्त टंचाई कुठे आहे ते पुन्हा मोजा. इथे मैदानात एका वेळी चारच परदेशी खेळाडू असू शकतात, आणि क्लब त्यातला निदान एक पुढेच लावतात. फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाचा स्पॅनिश स्ट्रायकर कोरो याचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको: २०१७-१८मध्ये १८ गोल, पुढच्या हंगामात १६. असे पहिल्या दोन फेऱ्यांतच संपतात. मधल्या फेऱ्यांत नियमित खेळणारा भारतीय विंगर शोधा. २०२४-२५मध्ये एफसी गोवाच्या ब्रायसन फर्नांडिसने ७ गोल केले आणि उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळवला; हंगामाआधीच्या यादीत असा खेळाडू फार वर नसतो. १५ ऐवजी ११ जणांचा संघ ठेवा, वही आटोक्यात राहील.

ऑगस्टमध्ये ऐन ड्राफ्टच्या वेळी वीज गेली, इंटरनेट गेलं, आणि माझ्या नावावर ओळीने चार मिडफिल्डर आले. पुढे चवथीच्या गडबडीत बदली करायचंही राहून गेलं. (एक वाचक, वाळपई)

निवडीची वेळ संपली की ऑटो-पिक, म्हणजे आपोआप निवड करणारी सोय, तुमच्या वॉचलिस्टमधलं (आधी करून ठेवलेल्या पसंतीच्या यादीतलं) सगळ्यात वरचं शिल्लक नाव उचलते. तुमच्या वॉचलिस्टमध्ये मिडफिल्डर ओळीने असणार. यादी जागेनुसार लावू नका, फेरीनुसार लावा: फॉरवर्ड, डिफेंडर, मिडफिल्डर, डिफेंडर, पुन्हा फॉरवर्ड, अशी आलटून पालटून, निदान ४० नावं. आठजणांच्या गटात १२० खेळाडू जातात, दहा नावांची यादी तिसऱ्या फेरीतच संपते. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन चार्ज करून जवळ ठेवा, आणि परत आत आलात की ऑटो-पिक बंद आहे ना ते आधी पाहा.

बदलीचं वेळापत्रक असं. संघ लावण्याची मुदत त्या आठवड्यातल्या पहिल्या सामन्याआधी ९० मिनिटं, आणि वेव्हर, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंसाठी आलेल्या अर्जांचा निकाल, त्याच्याही २४ तास आधी. शनिवारचा पहिला सामना आपल्याकडे संध्याकाळी ५ला असेल तर मुदत दुपारी ३.३०, म्हणजे वेव्हर शुक्रवारी दुपारी ३.३०ला. ऑक्टोबरअखेर इंग्लंडमधली घड्याळं मागे गेली की हे सगळं एक तास उशिरा. शुक्रवारी रात्रीचा सामना असेल तर वेव्हर गुरुवारीच. अर्ज आधीच्या सामन्यांनंतर लगेच भरून ठेवता येतात, पसंतीक्रमाने अनेक. चवथीला पाहुणे यायच्या आधी, मंगळवारीच ते भरा. सोडायचा खेळाडू चौदाव्या-पंधराव्या फेरीतला असू द्या. मधल्या फेरीतला माणूस दोन वाईट सामन्यांवर सोडला तर तो पुढच्या वेव्हरला दुसऱ्याच्या संघात दिसतो. त्याची मिनिटं कमी झाली तरच त्याला हात लावा.