पाच तास बसूनही आठवत का नाही?

‘ताई, मी बारावी सायन्सला आहे. घर गोव्यात, फोंड्याजवळच्या एका गावात. रोज चार ते नऊ अभ्यासाला बसते. लॅपटॉपवर लेक्चर असतं, नोट्स काढताना कानात गाणी, बाजूला वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, मधे मधे इन्स्टा. वाचताना सगळं समजतं, पण दुसऱ्या दिवशी डेरिव्हेशन लिहायला घेतलं की पाटी कोरी. युनिट टेस्टला २५ पैकी ९ आले. बाबांनी फोन घेऊन कपाटात ठेवला, तीन दिवस आमचं बोलणं नाही. ते म्हणतात, फोनने तुझा मेंदू खराब केलाय. खरंच केलाय का?’

बाय, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तीन दिवस तू तोच मनात घोळवत बसली असशील. नाही, तुझा मेंदू खराब झालेला नाही. एकाच वेळी अनेक पडदे बघणाऱ्या विद्यार्थ्यांवर २००९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा मुलांना नको ती माहिती बाजूला सारणं आणि एका कामातून दुसऱ्यात जाणं जास्त जड गेलं, असं त्यात दिसलं. पण मुळात ज्यांचं लक्ष लवकर उडतं तीच मुलं चार पडदे उघडतात, की चार पडद्यांमुळे लक्ष उडतं, हे त्यातून ठरत नाही. पुढे इतरांनी तसेच प्रयोग केले, तेव्हा फरक कधी दिसला, कधी दिसला नाही. बाबांना हे जरूर सांग. मात्र त्यांची काळजी खोटी नाही. तुझी अभ्यासाची रीत चुकते आहे, आणि तुझे ते पाच तास खऱ्या अर्थाने पाच तास नाहीत.

एक छोटा प्रयोग कर. १ ते १५ आकडे लिही, मग क ते ण ही पंधरा अक्षरं सलग लिही. दोन्हीला मिळून किती सेकंद लागले ते टिपून ठेव. आता तेच ‘१ क, २ ख, ३ ग’ असं आलटून पालटून लिही. लिहायचं तेवढंच आहे, तरी वेळ वाढेल आणि ङ-ञच्या आसपास हात अडखळेल. लेक्चरमधून ग्रुपवर आणि ग्रुपवरून पुन्हा लेक्चरवर जाताना दर वेळी हेच होतं. गणेश चवथीला घुमट या मातीच्या वाद्यावर थाप मारत आरती म्हणता येते, कारण दोन्ही एकाच तालात बांधलेली असतात आणि हात, गळा दोघांनाही सवय असते. डेरिव्हेशन समजून घेणं आणि मैत्रिणीचा मेसेज वाचणं, दोन्हीला विचार लागतो. असे दोन विचार एका वेळी चालत नाहीत, मन फक्त येरझारा घालतं.

‘वाचताना समजतं, पण लिहिता येत नाही’ हे तुझं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. २००६ साली कॅलिफोर्नियात एक प्रयोग झाला. काही तरुणांना पत्ते (कार्डं) बघून हवामानाचा अंदाज करायला शिकवलं. एकदा ते शांतपणे शिकले आणि एकदा शिकता शिकता कानावर पडणारे आवाज मोजत. अंदाज दोन्ही वेळा जवळपास सारखेच बरोबर आले. पण नंतर ‘कोणत्या पत्त्याचा अर्थ काय?’ असं विचारलं, तेव्हा आवाज मोजत शिकलेलं त्यांना नीट सांगता येईना. मेंदूच्या चित्रांतही शांतपणे शिकताना आठवणीचा भाग जास्त कामाला लागलेला दिसला, तर आवाज मोजताना सवयीचा. तुझं बहुधा असंच होतंय. ओळखीची ओळ समोर आली की ‘हे माहीत आहे’ असं वाटतं, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की हाताला काही लागत नाही.

आता काय करायचं? उद्यापासून पाच तास नकोत, साडेसहा ते नऊ एवढाच वेळ ठेव. आधी फक्त १५ मिनिटं एकच विषय, एकच पुस्तक. मग ५ मिनिटं सुट्टी. अशा चार फेऱ्या झाल्या की त्या दिवशी पुरे. तीन-चार दिवसांनी फेरी २० मिनिटांची कर, पुढे २५. कॅलिफोर्नियातच २६३ विद्यार्थ्यांना अभ्यास करताना १५ मिनिटं पाहिलं होतं, तर सरासरी ६ मिनिटांच्या आतच त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं. म्हणून पहिली १५ मिनिटं अवघड गेली तर स्वतःला नावं ठेवू नकोस.

सुट्टीत पडदा नको. इथेच बहुतेकांचं फसतं, ५ मिनिटांचे रील ४० मिनिटं खातात. पाणी पी, तुळशीपर्यंत जाऊन ये, घरामागे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, असेल तर एक फेरी मार.

फोन उपडा ठेवून काही होत नाही. तो दुसऱ्या खोलीत, फ्रीजवर किंवा आईजवळ असू दे. ‘वेळ बघायला’ म्हणून उचललेला फोन अर्ध्या तासाने खाली ठेवला जातो, म्हणून टेबलावर साधं गजराचं घड्याळ ठेव. शेजारी एक कोरा कागद असू दे. ‘तिला विचारायचं, जर्नल कधी द्यायचं?’ असं काही मनात आलं की त्यावर लिही आणि पुढे वाच. लिहून ठेवलं की ते डोक्यात घोळत राहत नाही.

वर्गाचा ग्रुप सोडू नकोस, नोट्स तिथेच येतात. तो कायमचा म्यूट कर आणि दिवसातून दोनदा उघड, अभ्यासाला बसण्याआधी आणि जेवणानंतर. पीडीएफ तेव्हाच एकदम उतरवून घे. दोन जवळच्या मैत्रिणींना सांगून ठेव, ‘साडेसहा ते नऊ मी नसते, फारच तातडीचं असेल तर आईला फोन कर.’ हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी रुसतं आणि सगळा बेत मोडतो. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमधल्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये ‘फोकस मोड’ असतो. त्यात इन्स्टा आणि यूट्यूब निवडून वेळ लावून दे.

लेक्चर मात्र लॅपटॉपवरच बघ, पूर्ण पडदाभर, ऑटोप्ले बंद करून. दर १० मिनिटांनी थांबव, वही मिट आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिही. मग उघडून चुका लाल पेनने भर. हे कंटाळवाणं आहे, पण तुझं पाटी कोरी होणं याच कामाने थांबेल. यातलं दुसरं काही जमलं नाही तरी हे सोडू नकोस. गाण्यांचं म्हणशील तर शब्द असलेलं गाणं वाचनाच्या आड येतं. वाचताना आणि पाठ करताना शांतता हवी. आकृती पक्की करताना किंवा जर्नल उतरवताना गाणी लावलीस तर चालेल.

रात्री साडेदहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला. दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं, ती झोप रीलला देऊ नकोस.

पहिले तीन-चार दिवस चुळबूळ होईल, हात आपोआप फोन शोधेल. दोन-तीन आठवडे मनापासून करूनही लक्ष लागत नसेल, झोप उडाली असेल, रडू येत असेल किंवा लहानपणापासून प्रत्येकच कामात असं होत आलं असेल, तर कारण फोनपलीकडचं असू शकतं. हायर सेकंडरीत समुपदेशक असतील तर त्यांच्याशी बोल. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. बांबोळीच्या मनोविकार संस्थेतही तपासणी होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिले बाबा. फोन कपाटात कुलूपबंद राहिला तर तो बाजूला ठेवायला तू शिकणार कधी? हे त्यांना भांडून पटणार नाही, कागद दाखवून पटेल. आज रात्री जेवणानंतर एवढंच सांग, ‘बाबा, मेंदू खराब झालेला नाही, पण माझी पद्धत चुकली. पंधरा दिवस साडेसहा ते नऊ फोन तुमच्याजवळ ठेवा, बाकी वेळ माझ्याकडे द्या. रोज किती फेऱ्या झाल्या ते कॅलेंडरवर लिहीन.’ आणि त्या वेळात हॉलमधला टीव्ही हळू ठेवायला सांग, हेही मागायचा तुला हक्क आहे. पंधराव्या दिवशी युनिट टेस्टमधलं चुकलेलं डेरिव्हेशन त्यांच्यासमोर पुस्तक मिटून लिही. जिथे अडशील तिथे खूण कर आणि मला कळव, पुढचं तिथून बघू.