मेलवर आलेली तज्ज्ञाची प्रतिक्रिया माणसाची की यंत्राची, हे पत्रकाराने कसं ओळखावं?

तुमचा प्रश्न असा, की प्रतिक्रिया मागवली की एकाच साच्यातली गुळगुळीत उत्तरं येतात, त्यातली यंत्राची बाजूला कशी काढायची. मी नाशिकला शेतीच्या बातम्या करते, तेव्हा उदाहरण द्राक्षाचंच देते.

ऑक्टोबरात पाऊस झाला तेव्हा मी मुद्दाम मोघम विचारलं होतं, "या पावसाने द्राक्षबागांचं किती नुकसान होईल?" पहिलं उत्तर हातातला चहा संपायच्या आत आलं. डाउनी आणि भुरी हे बुरशीचे रोग, पाण्याचा निचरा, "शेतकऱ्यांनी सतर्क राहावे". चूक म्हणाल तर एकही नाही. संध्याकाळी निफाडकडच्या एका सल्लागारांचं एका ओळीचं उत्तर आलं: "बाग कितव्या दिवसाची आहे?"

खरा माणूस इथे सापडतो. गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, दिवस मोजल्याशिवाय बागेबद्दल कोणी बोलतच नाही. पोंग्यात, म्हणजे कोंब फुटताना, पाऊस सापडला तर घड जिरायची, म्हणजे वाढण्याआधीच नाहीसे व्हायची भीती, फुलोऱ्यात सापडला तर गळ आणि कूज. ज्याची छाटणीच व्हायचीय त्याची चिंता आणखी वेगळी. अर्धवट प्रश्नावर जाणकार अडतो आणि उलट विचारतो. यंत्र सहसा अडत नाही, पूर्ण उत्तर देऊन मोकळं होतं.

दुसरी युक्ती जरा खोडसाळ आहे. प्रश्नातच एक चूक पेरायची. "ऑगस्टमध्ये उन्हाळ कांदा काढणीला आल्यावर भाव पडतील का?" असं मी एकदा विचारलं. दोघांनी भावाचं सविस्तर विश्लेषण पाठवलं. तिसऱ्याने लिहिलं, "मॅडम, तेव्हा तो चाळीत असतो." म्हणजे काढणी उन्हाळ्यातच उरकून कांदा साठवणीत गेलेला असतो.

भाषेवरून मात्र निकाल देऊ नका. "महत्त्वाची भूमिका बजावते" दिसलं की यंत्र, असं धरलं तर निम्मी सरकारी प्रसिद्धिपत्रकं यंत्राची ठरतील, आणि ती तर संगणकाच्याही आधीची आहेत. यंत्राचा मजकूर ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवरही विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, आणि इंग्रजीबाहेर ते आणखी कच्चं असल्याचं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मी स्वतः यात तोंडघशी पडलेय. एका निवृत्त कृषी अधिकाऱ्यांचं उत्तर इतकं घोटीव होतं की मी ते बाजूला टाकलं. नंतर एका लग्नात भेटले तेव्हा कळलं, मजकूर त्यांचाच होता, नातवाने चॅटजीपीटीतून शुद्धलेखन तेवढं करून घेतलं होतं.

यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं लोक पाठवतात कशाला? बहुतेकदा बातमीत नाव आणि वेबसाइटची लिंक यावी म्हणून. पत्रकाराचा प्रश्न एकदम शेकडो तज्ज्ञांना पोचवणारी 'हेल्प अ रिपोर्टर आउट' ही अमेरिकी सेवा २००८ मध्ये सुरू झाली, तिथेही लिंकसाठी येणाऱ्यांची गर्दी झालीच. म्हणून नाव-हुद्दा त्या संस्थेच्या कार्यालयात विचारून घ्या, फोटो इंटरनेटवर उलटा शोधून, म्हणजे तोच फोटो आणखी कुठे आहे ते, बघा. पण सगळ्यात आधी फोन नंबर मागा. लिंक हवी असलेला "मेलवरच बोलूया" म्हणतो. बागायतदार म्हणतो, दुपारी करा, सकाळी फवारणी असते.