एम.ए. अर्थशास्त्रासाठी इंग्रजी कसं सुधारू? बी.ए. मराठीतून झालंय, राहतो जळगावात

स्पोकन इंग्लिशचा क्लास एवढ्यात लावू नका. तुमची अडचण विषयाच्या भाषेची आहे.

महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी मराठीत आणि इंग्रजीतही निघते, नेटवर फुकट मिळते. शेतीचं प्रकरण आधी मराठीत वाचा, मग तेच इंग्रजीत. केळी-कापूस आपल्या खान्देशात घरचेच, त्यामुळे अर्थ माहीत असतो, फक्त शब्द पकडायचा. रोज एक परिच्छेद पुरे.

खरी गफलत साध्या दिसणाऱ्या शब्दांत होते. केळीचा भाव पडला म्हणून जास्त खपली, तर वाढली ती ‘क्वांटिटी डिमांडेड’. श्रावणातल्या उपवासांमुळे त्याच भावात जास्त खपली, तर वाढली ‘डिमांड’. मराठीत दोन्हीला आपण मागणीच म्हणून मोकळे होतो, आणि पेपरात तिथेच मार्क जातात. ‘इन्फ्लेशन’ घटलं म्हणजे भाव उतरले असंही नाही, वाढायचा वेग मंदावला.

तसंच टक्क्यांचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो व्याजदर, ६.५० वरून ६.२५ टक्के झाला. ही ०.२५ ‘पर्सेंटेज पॉइंट’ची, म्हणजे २५ बेसिस पॉइंटची घट. नुसतं ‘०.२५ पर्सेंट’ लिहिलं तर चूक, कारण ६.५०च्या मानाने ती सुमारे ३.८ टक्के भरते.

निष्कर्ष लिहिताना ‘प्रूव्ह्ज’ टाळा, ‘सजेस्ट्स’ लिहा. आकडेवारीवरून सहसा तेवढंच म्हणता येतं.

बोलण्यासाठी रोज एक आलेख वर्गमित्राला दोन मिनिटं इंग्रजीत समजावा. अडलात तर मधे अहिराणी आली तरी चालेल, थांबू मात्र नका.