पंधरा कुठे, आठ कुठे

"मॅडम, तो खोटा माणूस बनून जगतोय हो." ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्या आईवडिलांकडून ऐकलंय, की आता लिहायलाच हवं. पोरं टेबलाभोवती जमून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत गोष्ट पुढे न्यायचा खेळ खेळतात, कुणी जादूगार होतं, कुणी योद्धा, आणि घरचे धसका घेतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालचा. पुढच्या दशकात अमेरिकेतले पालकही असेच घाबरले होते.

घोडबंदर रोडवरची एक आई बारावीतल्या मुलाला घेऊन आली. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) तो फक्त हो-नाही एवढंच बोलायचा. मी म्हटलं, "पुढच्या वेळी तुझ्या पात्राचा कागद आण."

कागद खोडून खोडून पातळ झालेला. सहा गुण : ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, करिष्मा. त्यांत वाटायचे सहा आकडे : १५, १४, १३, १२, १०, ८. पंधरा त्याने करिष्म्याला दिले होते. त्याचं पात्र गावोगाव गाणारा बार्ड.

"हा बाजारात शिरला की लोक वळून बघतात."

"आणि तू वर्गात शिरलास की?"

"मी आलोय हे बाकावरच्यालाही कळत नाही."

भूमिका करता करता माणूस घडतो, हे सायकोड्रामा म्हणजे नाट्यातून उपचार करायची पद्धत सुरू करणाऱ्या मोरेनो यांचं म्हणणं मी पहिल्यापासून मानत आले आहे. हा मुलगा पळत नव्हता, दर शनिवारी पाच जणांसमोर बोलायची तालीम करत होता.

पुढच्या भेटीत मी कोरा कागद आईपुढे ठेवला. पंधरा तिने क्षणात चिवटपणाला दिले. आठवर पेन्सिल बराच वेळ थांबली, मग करिष्म्याशी टेकली. "मला कोण विचारतंय?"

मुलगा पुढे सरकला. "आई, ते खोड. भिशीत तू नकला करतेस तेव्हा आम्हीपण दारात येऊन उभे राहतो. आठ ताकदीला दे. सिलिंडर तसाही मीच उचलतो."

ती हसली, मग रडली. त्याने रबर दिला आणि तिने खरंच खोडलं. इतक्या वर्षांच्या कामात अशी पाच मिनिटं फार थोडी मिळाली आहेत. त्या दिवशी मलाही कळलं, की पात्राचा कागद मुलाइतकाच घराबद्दल बोलतो.

म्हणून पालकांना माझी विनंती : "किती तास खेळलास?" याच्या आधी "तुझं पात्र कोण आहे? त्याला काय हवंय?" हे विचारा. उत्तर येईल तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा. ते पात्र क्रूर निघालं तरी दचकू नका; राग कागदावर उतरतोय, तो कुणावरचा आहे ते हळूहळू समजून घ्या. परीक्षेच्या दिवसांत खेळाची वेळ दोघांनी मिळून ठरवा, परस्पर बंदी घालू नका.

झोप उडाली, जेवण तुटलं, मित्रही नकोसे झाले, तर मात्र थांबू नका, लगेच भेटा. कारण बहुधा दुसरंच असतं, आणि खेळाला दोष देण्यात ते शोधायचं राहून जातं.