मुख्याध्यापिका बाई ३१ मे रोजी निवृत्त होताहेत. आम्ही आठ शिक्षक मिळून काय भेट द्यावी?

शाल-श्रीफळ, साडीचोळी येणारच; ती ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीवर सोडा. घड्याळ आणि चकचकीत ट्रॉफी नकोच, माळ्यावर जातात.

तुमचे पैसे आठवणींच्या वहीत घाला. माजी विद्यार्थ्यांकडून हाताने लिहिलेलं एकेक पान मागवा, तेही एकाच आकाराच्या कागदावर, डावीकडे दीड इंच समास सोडून. नाहीतर बाइंडिंगमध्ये अक्षरं गिळली जातात. व्हॉट्सॲपवरचे फोटो छापू नका, दाबले गेल्याने फुटतात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. पानं यायला महिना धरा, कारण निम्मे लोक तारीख उलटल्यावरच लिहितात. जुन्या वर्गांचे गट-फोटो शाळेच्या कपाटात सापडतील.

मानपत्र हवंच असेल तर दीडशे शब्द पुरे. रुजू दिनांक आणि आधीच्या शाळांची नावं सेवापुस्तकावरून घ्या, छपाईआधी बाईंच्या घरच्यांकडून तपासून घ्या. चुकलेलं मानपत्र भिंतीवर कोण लावणार?

मुख्य म्हणजे कार्यक्रम एप्रिलमध्ये, शाळा भरत असतानाच उरका. मेमध्ये मुलं नसतात. पदभार घेणाऱ्यांना त्याच मंचावर गुलाबपुष्प आणि एक पुस्तक द्या, बस. त्यांचं स्वागत जूनमध्ये वेगळं करा.