‘अणुकचरा जास्त’, पण कशाने जास्त?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘छोट्या अणुभट्ट्या मोठ्यांपेक्षा जास्त अणुकचरा करतात’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘अणुकचरा’ म्हणावे की ‘वापरलेले इंधन’?

‘अणुकचरा’ शब्दाला माझी हरकत नाही. ‘अणु’ला बोलीतला ‘कचरा’ जोडला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी ‘अणुभट्टी’ सोडून दाखवावी. पण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. भट्टीतून आलेले किरणोत्सारी पोलाद, गाळणीतली राळ, कामगारांचे हातमोजे हा सगळा कचराच, इंधन नव्हे. उलट आपल्याकडे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढून घेतात, म्हणून अणुऊर्जा खाते त्याला कचरा मानतच नाही. हिंदीतला सरकारी शब्द ‘भुक्तशेष ईंधन’. भुक्तशेष म्हणजे सरळ उष्टे! मराठीत ‘वापरलेले इंधन’च बरे.

खरी अडचण ‘जास्त’ची आहे. आपण ‘वयाने मोठा, उंचीने कमी’ म्हणतो. तो ‘ने’ इथे गळला आहे. चीनमधल्या शिदाओ खाडीच्या छोट्या अणुभट्टीचे उदाहरण घ्या. तिचे इंधन म्हणजे ६० मिलिमीटर व्यासाचे ग्रॅफाइटचे गोळे, आणि एका गोळ्यात युरेनियम जेमतेम ७ ग्रॅम. त्यातून उष्णता भरपूर निघते, त्यामुळे तेवढ्याच विजेमागे वापरलेले युरेनियम वजनाने नेहमीच्या मोठ्या भट्टीपेक्षा कमी. आकारमानाने मात्र ते दहापटीहून जास्त, कारण गोळ्यात बहुतेक ग्रॅफाइटच. आता हिचा कचरा जास्त म्हणायचा की कमी?

२०२२मध्ये क्रॉल, मॅकफार्लेन आणि युइंग या संशोधकांनी छोट्या भट्ट्यांच्या तीन आराखड्यांचा अभ्यास करून कचरा २ ते ३० पट वाढेल असे मांडले. तेही आकारमानाने. लहान गाभ्यातून न्यूट्रॉन अधिक निसटतात आणि भोवतालचे पोलाद किरणोत्सारी करतात, हे त्यांचे एक मुख्य कारण. त्यांपैकी एक भट्टी नूस्केल कंपनीची; तिने जुना आराखडा धरल्याची तक्रार केली. बातम्यांत मात्र उरले ते ‘३० पट’ एवढेच.

आणि ‘छोटी’ हे विशेषणही फसवे. आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्ट्या एक टन इंधनातून सुमारे ७,००० मेगावॉट-दिवस उष्णता काढतात. परदेशी मोठ्या हलक्या पाण्याच्या भट्ट्या ४५,००० किंवा त्याहून जास्त. म्हणजे आपले वापरलेले इंधन वजनाने कित्येक पट. पण ते त्यांच्या नैसर्गिक, म्हणजे समृद्ध न केलेल्या, युरेनियममुळे, भट्टी लहान असल्यामुळे नव्हे. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या संचांचीही तीच गत.

तेव्हा तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘काही छोट्या अणुभट्ट्यांचा कचरा, तेवढ्याच विजेमागे, आकारमानाने जास्त असतो.’