हातचा वरच लिहायचा

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अभ्यासिकेत एकच उतारा चार-चार वेळा वाचतेस, शेवटच्या ओळीला पोचेस्तोवर पहिली निसटलेली असते. शेजारच्याने पान उलटलेलं ऐकू येतं, पंख्याची कुरकुर ऐकू येते, उताऱ्यातला मुद्दा तेवढा हाती लागत नाही. आणि मग विचारतेस, स्मरणशक्तीच्या खेळांचं ते ॲप वर्षभरासाठी घेऊ का? नको. ते पैसे मेसला दे.

डोक्यात धरू नकोस, कागदावर धर. मला सांगायचंय ते एवढंच.

शाळेत बेरजेचा हातचा मी आकड्यांच्या वर बारीक लिहायचो. गुरुजी खोडायला लावायचे, "हातचा मनात धरतात." ज्याच्या मनात राहतो त्याने खुशाल धरावा! तुझ्यासारखंच एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवायला जड जाणाऱ्या मेंदूचं, निदान व्हायला मला पन्नाशी गाठावी लागली. तोवर पक्षकार आले की टेबलावरच्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये सरकवायचो. त्या लपवण्यात गेलेल्या वर्षांची हळहळ अजून जात नाही.

काम चालू असताना लागणारी माहिती तेवढ्यापुरती हाताशी धरायची, ती वर्किंग मेमरी. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये तिची मांडणी केली. ती सगळ्यांचीच तोकडी असते. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये हिशेब लावला तो जेमतेम चार गोष्टींचा. एडीएचडीत बऱ्याच जणांना, सगळ्यांना नव्हे, ती आणखी अपुरी पडते.

पण तुझ्या पंख्याचं उत्तर दुसरीकडे आहे. 2005 मध्ये एडवर्ड व्होगेल आणि सहकाऱ्यांनी काही जणांना सांगितलं, लाल पट्ट्या कशा कललेल्या आहेत तेवढं लक्षात ठेवा, निळ्या सोडून द्या. मेंदूच्या विद्युतलहरी पाहिल्या, तर ज्यांची क्षमता कमी, ते निळ्या पट्ट्याही साठवत बसले होते. ही एडीएचडीची माणसं नव्हती, नेहमीचीच होती. तरी वाचून मी टेबलावर हात आपटला. म्हणजे डोकं रिकामं नसतंच, भलत्याच सामानाने भरलेलं असतं! आणि त्यातच तू आणखी कोंबायला निघालीस?

ॲपचं म्हणशील तर मेल्बी-लर्व्हॉग आणि ह्यूम यांनी 2013 मध्ये अशा सरावांचे 23 अभ्यास एकत्र तपासले. सरावासारख्या चाचण्यांत माणसं काही काळ सुधारतात. वाचनात, गणितात ते उतरत नाही. तुला खेळात पहिलं यायचंय की पूर्वपरीक्षेत?

शांततेच्याही फार मागे लागू नकोस. स्वीडनमधल्या सॉडरलुंड यांच्या 2007 च्या प्रयोगात एडीएचडीच्या मुलांना एकसुरी खरखराटात जास्त आठवलं, इतर मुलांचं मात्र त्यात बिघडलं. मुलं होती ती, तुला लागू पडेलच असं नाही. पण चार दिवस पंख्याखालीच बसून बघायला काय जातंय?

एडीएचडीच्या गोळीचं तुझ्या डॉक्टरांशी बोल. मी घेतो, मला गुण येतो. कागद मात्र तिने सुटला नाही.

म्हणून उतारा वाचताना प्रत्येक परिच्छेदाशेजारी दोन शब्द लिही. पर्याय खोडलास की पेन्सिलीने खोड, मनात नको. "परीक्षेत कसं चालेल?" विचारशील. अगं, प्रश्नपुस्तिकेत कच्च्या कामासाठी जागा छापलेली असते, ती कोणासाठी? आणि कागद जिथे काम तिथेच हवा. बॅगेतली वही म्हणजे नसलेली वही. रसेल बार्कले हे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत.

मैत्रिणी हसतील. माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या बघून ऑफिसातली मुलं अजून हसतात. फोनवर मी "थांबा, लिहून घेतो" म्हणतो, तेव्हा काहींना मी उद्धट वाटतो. वाटू दे. जीएसटीचं एक रिटर्न माझ्याकडून उशिरा गेलेलं दाखवावं कोणी! हे बढाई म्हणून लिहीत नाही... बरं, थोडी बढाई आहे. इतकी वर्षं वेंधळा म्हणवून घेतल्यावर तेवढा हक्क आहे मला.

तुझ्या बाबांना यातलं काही सांगायचं असेल तर मी बोलेन. रविवारी सकाळी फोन कर, वही उघडी ठेवून. "लक्षात ठेवीन काका" म्हणालीस तर फोन ठेवून देईन.

तुझा,
काका